पीयूत असतानाच पदवीचा एक पेपर देता आला तर

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

परदेशी शिक्षणाचे मार्गदर्शन करणाऱ्यांच्या तोंडून ‘एपी’ हे नाव अलीकडे बेळगावातील पालकांच्याही कानावर पडू लागले आहे. अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट हे या परीक्षेचे पूर्ण नाव. बहुतेक जण तिला सॅटसारखी आणखी एक प्रवेशपरीक्षा समजतात आणि आपल्या मुलाला काही अमेरिकेला पाठवायचे नाही, म्हणून तो विषय तेथेच सोडून देतात. वास्तविक हायस्कुलात शिकणाऱ्या मुलाने कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा एखादा विषय आधीच आत्मसात केला आहे का, एवढेच ती तपासते. तिच्यामागची कल्पना आपल्या सीमाभागातील मराठी मुलांच्या फार उपयोगाची आहे असे मला वाटते, म्हणून हा पत्रप्रपंच.

अमेरिकेतील हायस्कूल बारावीपर्यंत चालते, म्हणजे आपली पीयूची, अर्थात अकरावी-बारावीची, दोन्ही वर्षे त्यातच येतात. तेथे १९५५ पासून कॉलेज बोर्ड नावाची संस्था ही परीक्षा चालवते. कॅल्क्युलस, संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र, संगणक असे चाळीसच्या आसपास विषय आहेत आणि मुलाने त्यांतला हवा तो एक घ्यावा, दोन घ्यावेत किंवा एकही घेऊ नये. परीक्षा मे महिन्यात होते. कॅल्क्युलसच्या पेपरात सव्वातीन तासांत पंचेचाळीस बहुपर्यायी प्रश्न आणि सहा सविस्तर उत्तरांचे प्रश्न सोडवायचे असतात, आणि ही सविस्तर उत्तरे कॉलेजांतील प्राध्यापक व अनुभवी शिक्षक एकत्र बसून तपासतात. निकाल एक ते पाच या श्रेणीत लागतो. तीन किंवा त्याहून वरची श्रेणी मिळाली तर पुष्कळ विद्यापीठे त्या विषयाचे क्रेडिट देतात, म्हणजे तो विषय पूर्ण झाला असे धरतात, किंवा निदान विद्यार्थ्याला थेट पुढच्या वर्गात बसू देतात. शाळेत एपीचा वर्ग असलाच पाहिजे अशी अट नाही. घरी अभ्यास करून बाहेरून पेपर देणारी मुलेही असतात.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक तरतूद, जिच्याकडे आपल्याकडील माहितीपत्रके ढुंकूनही पाहत नाहीत. कोणत्या विद्यापीठाकडे कोणता निकाल पाठवायचा हे विद्यार्थी स्वतः ठरवतो, आणि मनासारखा लागला नाही तो निकाल रद्द करून घेण्याची सोयही त्याला असते. म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या वयापलीकडच्या परीक्षेला हात घातला आणि ती जमली नाही, तर त्याच्या कपाळावर कायमचा शिक्का बसत नाही. आपल्याकडे गुणपत्रिकेवर एकदा लाल रेघ आली की ती नोकरीच्या मुलाखतीपर्यंत मुलाची पाठ सोडत नाही, आणि त्यामुळेच हुशार मूलसुद्धा नेमून दिलेल्या पुस्तकाच्या बाहेर पाऊल टाकायला कचरते.

एपीचे गोडवे गाण्याचा मात्र माझा हेतू नाही. अमेरिकेबाहेर एका विषयाची फी शंभर डॉलरच्या वर जाते, आणि आपल्या देशातील तिची केंद्रे मोठ्या शहरांतील मोजक्या शाळांत आहेत. खुद्द अमेरिकेतही खेड्यापाड्यांतील शाळांना पुरेसे एपी विषय शिकवता येत नाहीत, ही तेथील जुनीच तक्रार आहे. सगळी विद्यापीठेही तिला सारखे मानत नाहीत. कॅल्क्युलसच्या बीसी या वरच्या पेपरात पाचची श्रेणी असेल तर एमआयटी आपल्या पहिल्या कॅल्क्युलसच्या अभ्यासक्रमाचे क्रेडिट देते. डार्टमथ कॉलेजने मात्र २०१४ साली प्रवेश घेणाऱ्यांपासून असे क्रेडिट देणेच बंद केले. तेव्हा ती परीक्षा जशीच्या तशी उचलून येथे आणावी असे कोणी सुचवले तर मी विरोधच करीन.

पण शाळकरी मुलाने विद्यापीठाच्या पातळीची परीक्षा द्यावी ही गोष्ट आपल्याकडे नवलाची आहे काय? मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली आणि न्यायमूर्ती रानडे त्या पहिल्या तुकडीतले. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत मुंबई राज्यातच राहिले, त्यामुळे कित्येक वर्षे येथील हायस्कुलातील मुलांनी दिलेली शेवटची परीक्षा ही विद्यापीठाची परीक्षा असे. ती पदवीच्या पातळीची नव्हती हे खरे, पण विद्यापीठ आणि शाळा यांच्यामध्ये आज उभी आहे ती भिंत तेव्हा नव्हती.

इतके मागे जाण्याचीही गरज नाही. दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेच्या परीक्षा आपल्या गल्लीतील किती तरी मुले देतात. प्राथमिक, मध्यमा, राष्ट्रभाषा, प्रवेशिका असे करत करत चिकाटीचे मूल शाळेत असतानाच विशारदपर्यंत, क्वचित प्रवीणपर्यंत पोहोचते, आणि त्यातील पद्य व साहित्येतिहास पदवीच्या वर्गाला शोभेल असा असतो. ‘तू नववीत आहेस, तुला विशारदला बसता येणार नाही’ असे त्याला कोणी म्हणत नाही. खालची परीक्षा झाली असेल तर वरच्या परीक्षेला बसता येते, एवढाच काय तो नियम. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांचेही तेच आहे. शहापूर-टिळकवाडीत पेटी किंवा तबला शिकणाऱ्या मुलाचा वर्ग कोणता, हे परीक्षक विचारत नाहीत. पेशकार वाजव म्हणतात. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व दहा-अकरा वर्षांच्या वयात मोठमोठ्या मैफली गाजवत होते आणि वय लहान आहे म्हणून त्यांना कोणी अडवले नव्हते. गाण्यात आणि हिंदीत जे आपण इतक्या सहजपणे मान्य करतो ते गणितात, इतिहासात किंवा मराठी साहित्यात का करू नये, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

पीयू कॉलेजात गणित शिकवण्यात माझे आयुष्य गेले. मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे दहावी, होऊन विज्ञान शाखेला आलेले मूल फर्स्ट पीयूचे पहिले काही महिने गणिताशी कमी आणि पुस्तकातल्या इंग्रजीशी अधिक झुंजत असते. त्याला वर्गात मागच्या बाकावर गप्प बसलेले पाहून शिक्षकही त्याला ‘अ‍ॅव्हरेज’ या सदरात टाकून मोकळे होतात. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेतून आलेल्या अशाच एका मुलीला मी फर्स्ट पीयूच्या वार्षिक परीक्षेनंतर बीएस्सीच्या पहिल्या सत्राची एक जुनी प्रश्नपत्रिका दिली होती. त्यात लायब्निट्झच्या प्रमेयावरचा एक प्रश्न होता: क्षचा वर्ग आणि साइन क्ष यांच्या गुणाकाराचे ‘न’ वेळा अवकलन (डिफरन्सिएशन) करा. प्रमेय तिला ठाऊक नव्हते, आणि मीही सांगितले नाही. तिने एकदा अवकलन केले, दुसऱ्यांदा केले, तिसऱ्यांदा केले आणि प्रत्येक वेळी आलेली पदे एकाखाली एक नीट मांडली. सहगुणक एक-एक, मग एक-दोन-एक, मग एक-तीन-तीन-एक असे येताना दिसताच तिने त्याच वर्षी शिकलेले द्विपद प्रमेय समासात लिहिले. क्षच्या वर्गाचे तीनदा अवकलन केले की शून्य उरते, तेव्हा ‘न’ कितीही मोठा असला तरी उत्तरात तीनच पदे राहणार, हेही तिचे तिनेच ताडले. साइनची अवकलने चार पायऱ्यांनी पुन्हा पहिल्यावर येतात हे तिला आधीच माहीत होते, त्यामुळे पुढचे काम सरळ होते. बीएस्सीचे विद्यार्थी हे सूत्र पाठ करून लिहितात. हिने ते स्वतः शोधून काढले होते, आणि तेही ‘प्रॉडक्ट रूल’ असे बोलताना जीभ अडखळत असताना.

तिच्या या कामाची नोंद घेणारी एकही जागा आपल्या व्यवस्थेत नव्हती. सेकंड पीयूत गेल्यावर तिला केसीईटी या कर्नाटकाच्या प्रवेशपरीक्षेतील दर विषयाच्या साठ प्रश्नांच्या सरावात गुंतावे लागले, कारण इंजिनिअरिंगच्या जागा त्यावर आणि बोर्डाच्या गुणांवर ठरतात. बॉलपेनने गोल काळे करण्याचा वेग वाढवणे हे त्या वर्षाचे मुख्य शिक्षण. सीमाभागातील मुलांपैकी पुष्कळ जण त्यातच महाराष्ट्राच्या सीईटीचीही तयारी करतात, कारण वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी तेथील प्रवेशप्रक्रियेत वेगळी तरतूद आहे. ती तरतूद मोलाचीच आहे, पण दोन राज्यांच्या दोन परीक्षा आणि त्यांवर जेईई-नीटचे ओझे यांत एखादा विषय खोलात जाऊन शिकण्याची उसंत कोणाला मिळणार?

आजच्या आज आपल्या मुलांना उपलब्ध असलेल्या दोन वाटा येथे सांगून ठेवतो, कारण ग्रामीण भागात त्या माहीत नाहीत. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम २०२० साली सुरू झाला. त्याच्या पात्रता फेरीला अकरावीची परीक्षा दिलेला विद्यार्थी अर्ज करू शकतो, म्हणजे आपल्याकडे फर्स्ट पीयूची परीक्षा दिलेला. चार आठवड्यांचा अभ्यास, दर आठवड्याच्या असाइनमेंट आणि मग केंद्रावर बसून परीक्षा; ती उत्तीर्ण झाल्यास बारावीनंतर प्रत्यक्ष प्रवेश घेता येतो. दुसरी वाट एनपीटीईएलची, म्हणजे आयआयटींसारख्या संस्थांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची. तेथील अभ्यासक्रमाला नाव नोंदवणे विनामूल्य आहे, वयाची अट नाही, आणि प्रमाणपत्र हवे असेल तरच फी भरून परीक्षा द्यायची. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला एरवी तीन क्रेडिटे धरली जातात. या दोन्ही वाटा चांगल्या आहेत, मात्र दोन्ही इंग्रजीतून जातात, आणि दोन्हींना चांगले इंटरनेट लागते. जांबोटीकडच्या गावांतून पावसाळ्यात इंटरनेटचे काय होते ते तिकडच्या वाचकांना सांगायला नको.

धोरणाच्या पातळीवर पाहिले तर कागद तयारच आहेत. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम काढले, ज्यांत विद्यार्थ्याने मिळवलेली क्रेडिटे खात्यात जमा राहतात. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने तर शालेय शिक्षणही या हिशेबात धरले आणि तीस तासांच्या अभ्यासाला एक क्रेडिट असे माप ठरवून दिले. कर्नाटकाने नवे शैक्षणिक धोरण पदवी स्तरावर २०२१-२२ मध्ये सर्वांआधी लागू केले आणि २०२४-२५ पासून ते पुन्हा तीन वर्षांच्या पदवीकडे वळले. या उलटसुलट फिरण्यात प्राध्यापकांनी अभ्यासक्रम किती वेळा नव्याने लिहिले याची गणती न केलेली बरी. पण पदवी तीन वर्षांची असो वा चार, पहिल्या सत्राचा गणिताचा पेपर दोन्हींत असतोच, त्यामुळे मी जे सुचवतो आहे ते कोणत्याही धोरणाच्या निकालावर अडून बसत नाही.

माझी सूचना अशी आहे की, बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाने फर्स्ट पीयूची परीक्षा दिलेल्या इच्छुक विद्यार्थ्यांना पदवीच्या पहिल्या सत्रातील एका विषयाच्या पेपराला बाहेरून बसू द्यावे. त्यासाठी वेगळी प्रश्नपत्रिका काढण्याची गरज नाही. विद्यापीठ रिपीटर्ससाठी पेपर काढतेच. त्याच हॉलमध्ये चार बाके जास्त लावायची. विद्यार्थी उत्तीर्ण झाला तर त्याचे क्रेडिट राखून ठेवावे आणि पुढे त्याने विद्यापीठाच्या कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतला की त्याला त्या पेपरातून सूट द्यावी. अनुत्तीर्ण झाला तर कोठेही नोंद करू नये, ही अट मात्र अगदी पक्की हवी. ती नसेल तर बाकीचे सगळे केले तरी खेड्यातले मूल फॉर्म भरणार नाही. अंतर्गत गुणांचा प्रश्न निघेल. त्यासाठी जवळच्या पदवी महाविद्यालयातील एका प्राध्यापकाकडे दोन असाइनमेंट आणि एक तोंडी परीक्षा पुरेशी होईल.

सुरुवात प्रयोगशाळा न लागणाऱ्या विषयांपासून करावी: गणित, संख्याशास्त्र, इतिहास, आणि मराठी. भौतिकशास्त्र-रसायनशास्त्रात प्रात्यक्षिकांवाचून दिलेले क्रेडिट खोटे ठरेल, आणि पीयू कॉलेजांच्या प्रयोगशाळांची अवस्था पाहता तो आग्रह सध्या न धरलेला बरा. मराठीचा उल्लेख मी मुद्दाम केला आहे. उचगाव, येळ्ळूर, कडोली, सांबरा येथील साहित्य संमेलनांना श्रोते म्हणून येणारी शाळकरी मुले आपण दरवर्षी पाहतो. त्यांच्यातले एखादे मूल ज्ञानेश्वरीच्या नेमलेल्या अध्यायावर किंवा आधुनिक कवितेवर बीएच्या पातळीचे उत्तर लिहू शकत असेल, तर त्याची परीक्षा घेऊन त्याला तसे प्रमाणपत्र द्यायला काय हरकत आहे? मराठी शाळांची पटसंख्या घटत चालल्याची चिंता आपण व्यासपीठांवरून करतो. मराठीत उत्तम असण्याचा विद्यापीठात उपयोग होतो असे एकदा दिसले, तर पालकांच्या घरातील बोलणे थोडे तरी बदलेल. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, पण आज अकरावीत असलेले मूल तोपर्यंत अकरावीत थांबणार नाही.

गणिताच्या पेपराबाबत आणखी एक मागणी. एसएसएलसीपर्यंत मराठीत शिकलेल्या विद्यार्थ्याला प्रश्नपत्रिकेसोबत पारिभाषिक शब्दांची छापील मराठी-इंग्रजी-कन्नड यादी द्यावी. दोन पानांत ती मावते. उत्तराची भाषा कोणतीही असो, चिन्हे आणि पायऱ्या त्याच राहतात, आणि अशी यादी कन्नड माध्यमातील मुलांनाही तितकीच उपयोगी पडेल. हा लाभ केवळ मराठी मुलांसाठी मागितला तर तो मिळणार नाही, आणि तसा मागणे योग्यही होणार नाही.

मुलांवर आणखी एका परीक्षेचे ओझे कशाला, हा आक्षेप सर्वांत आधी येईल आणि तो मला मान्य आहे, पण सक्तीच्या परीक्षेपुरता. हिंदी प्रचार सभेच्या परीक्षांचे ओझे झाले अशी तक्रार मी क्वचितच ऐकली आहे, कारण ज्याला नको तो बसतच नाही. खरी भीती कोचिंग क्लासची आहे. ‘पीयू प्लस डिग्री इंटिग्रेटेड’ अशा पाट्या कॉलेज रोडवर लागायला वेळ लागणार नाही, आणि मग जे मूल स्वतःहून पुस्तक उघडणार होते त्याच्यासाठीही पालक पन्नास हजारांची पावती फाडून बसतील. यावर उपाय म्हणून एका विद्यार्थ्याला एकच विषय ही मर्यादा घालावी आणि या क्रेडिटाचा कोणत्याही प्रवेशाच्या गुणवत्ता यादीशी संबंध ठेवू नये. रँक वाढत नसेल तर क्लासवाल्यांना त्यात रस उरणार नाही, आणि विषयाची खरी ओढ असलेले मूल तरीही बसेल.

पदवी महाविद्यालयांना आपले तास आणि फी कमी होण्याची धास्ती वाटेल. ती अनाठायी आहे, असे माझे मत आहे. बीएस्सीच्या गणिताच्या वर्गात आज विद्यार्थी टिकवताना प्राध्यापकांची दमछाक होते, कारण इंजिनिअरिंग मिळाले की मूल निघून जाते. पहिल्या सत्राचा पेपर आधीच सुटलेला, त्या विषयाची गोडी लागलेला विद्यार्थी कदाचित थांबेल आणि त्या मोकळ्या वेळात वरच्या वर्गाचा एखादा विषय घेईल.

विद्यापीठाच्या विद्या परिषदेवर आणि गणिताच्या अभ्यास मंडळावर आपल्या जिल्ह्यातील प्राध्यापक आहेत. त्यांनी हा विषय पुढील बैठकीच्या पत्रिकेवर घ्यावा आणि निदान गणिताचा एक पेपर प्रायोगिक म्हणून येत्या उन्हाळी सत्रात बेळगाव, खानापूर व निपाणी या तीन केंद्रांवर घ्यावा, फी रिपीटरला असते तितकीच ठेवून. पीयू कॉलेजांतील गणिताच्या शिक्षकांनी तोपर्यंत पहिल्या सत्राच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळवून वर्गात ज्याला हवी त्याला वाटायला हरकत नाही. त्यासाठी कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही.

आपला,
एक निवृत्त गणित अध्यापक
टिळकवाडी, बेळगाव